रिओला पोहोचलेलं तारापूर

ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरो शहरात एक वेगळाच चित्रपट महोत्सव भरतो. त्याचं नाव आंतरराष्ट्रीय युरेनियम चित्रपट महोत्सव. अणुबॉम्ब, अणुऊर्जा, युरेनियमच्या खाणी आणि किरणोत्सर्ग, एवढ्याच विषयांवरचे चित्रपट तिथं दाखवले जातात. २०११ साली सुरू झालेल्या या महोत्सवाच्या पारितोषिकाला ‘यलो ऑस्कर’ म्हणतात. २०१३ मध्ये लघुपट विभागातला यलो ऑस्कर एका भारतीय माहितीपटाला मिळाला. त्याचं नाव ‘हाय पॉवर’, लांबी २७ मिनिटं आणि दिग्दर्शक प्रदीप इंदुलकर. विषय होता तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आणि त्याच्या शेजारी राहणारी माणसं.

म्हणजे आमचं तारापूर. बोईसर स्टेशनाबाहेरून रिक्षा किंवा एसटी पकडली की अर्ध्या तासात जिथं पोहोचता येतं, ते तारापूर. त्याची गोष्ट सातासमुद्रापार एका अंधाऱ्या सभागृहात अनोळखी माणसांनी पाहिली आणि तिला बक्षीसही दिलं. मी ही बातमी वाचली तेव्हा कौतुकानं ओळखीच्या दहा जणांना विचारलं. त्यात शाळामास्तर होते, एमआयडीसीतले कामगार होते, मच्छी विकणारी एक मावशी होती. दहापैकी एकानंही तो चित्रपट पाहिलेला नव्हता. मावशी म्हणाली, “आमच्यावर पिच्चर काढला आणि आम्हालाच सांगितलं नाही?”

तिचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. स्वतंत्रपणे, म्हणजे कुठल्या मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय, चित्रपट करणाऱ्यांचा आणि महोत्सवांचा विषय निघाला की मला ती मावशी आठवते.

आधी थोडं तारापूरविषयी. इथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. देशातलं हे पहिलं अणुऊर्जा केंद्र. पुढं ५४० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या उभ्या राहिल्या आणि २००५-०६ मध्ये त्या वीज देऊ लागल्या. या वाढीव प्रकल्पासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठवली गेली. समुद्राकाठची माणसं नव्या वसाहतीत आली. ‘हाय पॉवर’मध्ये बोलतात ती हीच माणसं. आपलं घर, शेत, मासेमारी आणि तब्येत यांचं काय झालं, ते ती आपल्या तोंडानं सांगतात. दिग्दर्शक इंदुलकर स्वतः इंजिनिअर, एकेकाळी भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी केलेले. त्यामुळं कुंपणाच्या आतली भाषा त्यांना येत होती आणि कॅमेरा त्यांनी कुंपणाबाहेरच्या माणसांकडं वळवला. अणुऊर्जेच्या बाजूचं आणि विरोधातलं म्हणणं काय आहे, त्यावर वाद होऊ शकतो, व्हायलाही हवा. पण वाद करायचा तर आधी चित्रपट बघायला मिळायला हवा ना!

आमच्या पालघर जिल्ह्यात कॅमेरे येत नाहीत असं नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. त्याच्या आधीही येत होते, नंतरही येतात. वारली चित्रं काढणारे हात टिपायला येतात. जव्हार-मोखाड्यातली कुपोषित मुलं टिपायला येतात. अणुभट्टीचे घुमट आणि एमआयडीसीचा धूर लांबून टिपायला येतात. चार दिवस राहतात, जेवतात, गोड बोलतात आणि मुंबईला परत जातात. त्यानंतर त्या चित्रीकरणाचं काय होतं, ते इथल्या कुणाला कळत नाही. कधी कुणाच्या मुलाला मोबाइलवर एखादा तुकडा सापडतो आणि मग घरचे ओरडतात, “अरे, ही तर आपली आजी!”

यात चित्रपट करणाऱ्यांचाच सगळा दोष आहे, असं मला वाटत नाही. सत्तावीस मिनिटांचा माहितीपट आपल्याकडं थिएटरात लागत नाही. टीव्हीवाल्यांना त्याचं काय करावं ते समजत नाही. आनंद पटवर्धन यांच्यासारख्या ज्येष्ठ माणसालाही आपले माहितीपट दूरदर्शनवर दाखवले जावेत म्हणून वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. मग उरतो तो महोत्सव. स्वतंत्र चित्रपटवाल्यासाठी महोत्सव ही चैन नसते. तेच त्याचं थिएटर आणि तोच त्याचा बाजार. ‘मी अमुक करतो’ हे सांगण्याची हक्काची जागाही तीच.

शिवाय मराठी सिनेमाला महोत्सव नवे नाहीत. प्रभातच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ मध्ये व्हेनिसला गौरव झाला होता. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये तिथूनच दोन पारितोषिकं घेऊन आला आणि त्यानंतर इथं त्याची चर्चा सुरू झाली. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, गावातल्याच माणसांना घेऊन केलेला. तो सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटोला दाखवला गेला, तिथं त्याला पारितोषिक मिळालं आणि आपल्या थिएटरांत तो लागला मार्च २०२५ मध्ये. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’नं २०२५ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात मोठं पारितोषिक पटकावलं. छाती फुगावी अशाच या गोष्टी. पण ‘स्थळ’चं गणित बघा. टोरांटो ते चंद्रपूर हे अंतर कापायला चित्रपटाला दीड वर्ष लागलं. आणि हा यशस्वी झालेला चित्रपट. जे यशस्वी होत नाहीत, त्यांची एसटी मध्येच बंद पडते.

याच्या बरोबर उलटी गोष्ट मी लहानपणी पाहिली आहे. अब्बा मालेगावहून तारापूर एमआयडीसीतल्या कापडगिरणीत नोकरीला आले, म्हणून आम्ही बोईसरचे झालो. पण सुट्ट्यांत नानीकडं मालेगावला जायचो. तिथं शुक्रवारी यंत्रमाग थांबायचे. आठवडाभर कानात खडखड भरलेले कामगार जुम्म्याची नमाज आटोपून, जेवून व्हिडिओ हॉलमध्ये शिरायचे. नासिर शेख हे तसाच एक हॉल चालवत. त्यांनी २००० साली गावातल्याच पोरांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला. सायकलीला कॅमेरा बांधून ट्रॉली, बैलगाडीवर चढून क्रेन. पडद्यावर दिसणारा हिरो काल चहाच्या टपरीवर शेजारी बसलेला असायचा. मामा लोक हसून हसून बेजार व्हायचे. तिथं ज्यूरी नव्हती. प्रेक्षकाला आवडलं नाही तर तो तोंडावर सांगायचा.

पुढं फैझा अहमद खान यांनी या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. तो कितीतरी महोत्सवांत फिरला आणि २०१२ मध्ये इथल्या थिएटरांतही लागला. त्यातला सुपरमॅन म्हणजे यंत्रमागावर काम करणारा, हाडकुळा शफीक. तो कर्करोगानं गेला. २०२४ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ टोरांटोला दाखवला गेला. मालेगाव असं दोनदा जगभर गेलं. पण त्याआधी मालेगावनं स्वतःला पाहिलं होतं. गावानं आधी पाहिलं आणि जगानं नंतर. तारापूरच्या बाबतीत जगानं आधी पाहिलं आणि गाव अजून वाट बघतंय.

तिसरा एक रस्ता मी तरुणपणी पाहिला. मुंबईत माहितीपट आणि लघुपटांचा सरकारी महोत्सव भरतो, मिफ. २००४ च्या महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं करायचा घाट घातला गेला. चित्रपटवाले एकत्र आले, ओरडा झाला आणि ती अट मागं घेतली गेली. पण निवड जाहीर झाली तेव्हा टोचणारे कितीतरी चित्रपट वगळलेले होते. त्यात गुजरातच्या २००२ च्या हिंसाचारावरचा राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्यूशन’ होता. मग या लोकांनी मुंबईतच ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव भरवला आणि वगळलेले चित्रपट दाखवले. ‘फायनल सोल्यूशन’ त्याच महिन्यात बर्लिनला गेला, तिथं त्याला पारितोषिकं मिळाली. इकडं सेन्सॉर मंडळानं त्याला प्रमाणपत्र नाकारलं. दिग्दर्शकानं काय करावं? त्यानं प्रती वाटल्या. ज्याला मिळेल त्यानं आणखी प्रती काढाव्यात आणि पुढं द्याव्यात, असा तो प्रकार होता. शेवटी ऑक्टोबर २००४ मध्ये एकही काट न मारता प्रमाणपत्र मिळालं.

मी तो चित्रपट बोईसरमध्ये एका मित्राच्या खोलीत पाहिला, सीडीवर. आम्ही सातआठ जण होतो, निम्मे मुसलमान, निम्मे हिंदू. पंखा बंद ठेवला होता, कारण आवाज ऐकू येईना. चित्रपट संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. नंतर एक हिंदू मित्र एवढंच म्हणाला, “हे आपण एकत्र बसून पाहिलं ते बरं झालं.” बर्लिनच्या सभागृहात टाळ्या झाल्या असतील. पण तो चित्रपट खरा पोहोचला तो आमच्या त्या खोलीत, असं मला आजही वाटतं.

आता घरातली गोष्ट. माझा भाचा एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करतो. त्याला सिनेमाचं वेड. दोन वर्षांचे बोनसचे पैसे साठवून त्यानं चौदा मिनिटांची फिल्म केली. विषय निवडला डायमेकिंगचा. बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं, पण चिंचणी-वरोर-वाणगाव पट्ट्यात घरोघरी हा धंदा आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीनं बारीक नक्षी कोरायची, त्याची डाय बनते. त्या डायवर सोन्या-चांदीचा पत्रा दाबला की दागिन्याची नक्षी उठते. देशभरच्या सराफांकडं आमच्या या किनाऱ्यावरची नक्षी जाते. सोनं मात्र इथं येत नाही, पोलादच येतं. भाच्यानं ज्यांच्यावर फिल्म केली ते काका साठी ओलांडलेले. चाळीस वर्षं नक्षी कोरून त्यांची नजर अधू होत चाललेली.

फिल्म तयार झाली आणि मग महोत्सवांचा खेळ सुरू झाला. मला वाटायचं, फिल्म पाठवायची, आवडली तर ते बोलावतात. तसं नसतं. फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळावर खातं उघडायचं. एकेका महोत्सवाची फी भरायची, कुठं वीस डॉलर, कुठं पस्तीस. निवड होईलच असं नाही आणि फी परत मिळत नाही. हजारो फिल्म येतात, त्यातल्या काही डझन घेतात. मग नकाराचं पत्र येतं, सगळीकडून एकाच मजकुराचं. त्यातही भुरटे महोत्सव पुष्कळ. दर महिन्याला ‘महोत्सव’ भरवतात, सगळ्यांना निवडतात आणि मग कळवतात की प्रमाणपत्र मोफत, ट्रॉफी हवी असेल तर वेगळे पैसे. भाच्याला पहिल्याच महिन्यात अशी तीन अभिनंदनं आली. माझी बहीण पेढे वाटायला निघाली होती, त्यानंच थांबवलं.

सबटायटलची कथा आणखी वेगळी. काकांची बोली किनाऱ्याची. पुण्याच्या माणसालाही ती पटकन कळणार नाही. ती आधी शाळेच्या मराठीत आणायची आणि मग इंग्रजीत. दोन्ही वेळा काहीतरी गळतंच. काका ‘ठसा’ म्हणाले, इंग्रजीत ते ‘स्टॅम्प’ झालं.

पण खरा पेच होता प्रीमियरचा. बऱ्याच मोठ्या महोत्सवांची अट असते, फिल्म आधी कुठं जाहीरपणे दाखवलेली नसावी. यूट्यूबवर टाकली तर संपलंच. त्यामुळं भाचा फिल्म पासवर्डच्या कुलपात ठेवून बसला. एका परदेशी महोत्सवाचा निकाल यायला सात महिने होते. इकडं काका दर आठवड्याला विचारत, “झाली का रं फिल्म?” आणि हा म्हणे, “थोडं काम बाकी आहे.” मी एकदा त्याला सरळ विचारलं, “काकांना का दाखवत नाहीस?” तो म्हणाला, “मामू, एकदा दाखवली की चार जण मोबाइलवर शूट करतील, कुणीतरी टाकून देईल. मग माझी दोन वर्षं गेली.” त्याचंही चूक नव्हतं. त्याच्यासाठी ती फिल्म म्हणजे प्रयोगशाळेच्या बाहेर पडायची एकच खिडकी होती. पण काकांच्या डोळ्यांना सात महिन्यांची खात्री नव्हती. त्यांच्या उजव्या डोळ्याला दिसणं जवळपास थांबलं होतं.

घरात यावर वाद झाले. बहीण मुलाच्या बाजूनं, मी काकांच्या. शेवटी भाच्यानंच वाट काढली. घरगुती बैठक म्हणजे जाहीर खेळ नव्हे. एका रविवारी संध्याकाळी तो लॅपटॉप आणि उसना प्रोजेक्टर घेऊन काकांच्या घरी गेला. ओटीवर पांढरी चादर लावली. काकांच्या घरचे, शेजारचे चारपाच कारागीर आणि आम्ही, एवढेच जण. भाच्यानं सगळ्यांचे मोबाइल एका परातीत जमा केले. काका चादरीपासून दोन हातांवर बसले. चौदा मिनिटं हलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, “तो हातोडीचा भाग परत लाव.” परत लावला. त्यांनी डोळे मिटून नुसता आवाज ऐकला आणि सांगितलं, “हा ठोका माझा नाही. दुसऱ्या दिवशीचा आवाज इथं लावलायस. त्या दिवशी पोलाद वेगळं होतं.” भाचा उडालाच. संकलन करताना त्यानं खरोखरच आवाज बदलला होता. तो त्यानं नंतर दुरुस्त केला.

परदेशी महोत्सवाचा नकार ठरल्या वेळी आला. पण दुसऱ्या राज्यातल्या एका छोट्या महोत्सवानं फिल्म घेतली. प्रवासखर्च त्यांनी दिला नाही, राहायची सोय केली. भाच्यानं तीन दिवसांची रजा टाकली, जनरल डब्यातून गेला. खेळ सकाळी दहाचा, पडदा क्रमांक तीन. प्रेक्षक चौदा, त्यातले दोन स्वयंसेवक. नंतरच्या प्रश्नोत्तरांत एकानं विचारलं, हे गृहस्थ टपाल तिकिटं बनवतात का? ‘स्टॅम्प’चा तो प्रताप. पण मागच्या रांगेतून एक आजी उठल्या. त्यांनी गळ्यातला दागिना हातात धरला आणि विचारलं, “ही नक्षी तुमच्याकडची असेल का?” भाचा म्हणाला, असू शकेल. आजी म्हणाल्या, “चाळीस वर्षं घालतेय. हे कुणीतरी हातानं कोरलं असेल, असा विचारच कधी आला नव्हता.”

परत आल्यावर त्यानं हे काकांना सांगितलं. काकांनी बक्षीस मिळालं का, ते विचारलंच नाही. “नक्षी कुठली होती? पानाची की कोयरीची?” एवढंच विचारलं.

म्हणून महोत्सव नकोत असं मी म्हणणार नाही. त्या चौदा जणांत ती आजी होती, हे विसरून चालणार नाही. ओटीवरच्या बैठकीत ती भेटली नसती. आणि काकांचा कान कुठल्याच ज्यूरीकडं नसता. फिल्मला दोन्ही लागतात. अडचण अशी की आपल्या व्यवस्थेनं एकच दार मोठं ठेवलं आहे. कायदाच बघा. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार जाहीर प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांना त्यातून सूट देण्याची सोय आहे, मंत्रालयाकडून ती मिळते. म्हणजे प्रमाणपत्र नसलेली फिल्म सूट मिळालेल्या महोत्सवात पाहुण्यांना दाखवता येते, पण चिंचणीच्या शाळेच्या मैदानात तिकीट लावून गावाला दाखवायची तर आधी प्रमाणपत्राचे सोपस्कार आणि त्याचा खर्च. चौदा मिनिटांच्या फिल्मसाठी हे कोण करणार?

आणि उलट दिशेनंही अंतर आहेच. बोईसरचा माणूस मुंबईच्या महोत्सवाला जायचं म्हणतो, तेव्हा त्याला शंभरेक किलोमीटर जायचं असतं. रात्रीचा शेवटचा खेळ त्यानं विसरावा, कारण विरारच्या पुढं गाड्या मोजक्याच. डहाणूपर्यंत उपनगरी लोकल आली तीच २०१३ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी तारापूर रिओला पोहोचलं, त्याच वर्षी लोकल आमच्यापर्यंत पोहोचली!

आता इथं पुन्हा कॅमेरे येऊ लागले आहेत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, ७६ हजार कोटींहून मोठा प्रकल्प. मच्छीमार, शेतकरी, डायमेकर, सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न त्यात गुंतला आहे. त्यावर माहितीपट होतील, व्हायलाच हवेत. ते करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमची फिल्म जगभर जावो, बक्षिसं मिळोत. पण खर्चाचा अंदाज कराल तेव्हा त्यात एक ओळ वाढवा, जिथं शूट केलं तिथं दाखवण्याच्या खर्चाची. एक प्रोजेक्टर, एक चादर आणि रविवारची एक संध्याकाळ. माणसं आम्ही जमवू. चहा आमच्याकडून. आणि त्या मच्छीवाल्या मावशीला निरोप द्यायची जबाबदारी माझी.